घरी सांगता आलं पाहिजे

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारीला कर्जत येथे बचत गटांतील महिला, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि शिक्षिका यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. प्रसंगांतील मुलींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘इंटरनेटचा सुरक्षित वापर आणि पालकांची जबाबदारी’. मघाशी दारात दोघी-तिघी मावश्या तो ऐकून मागं फिरायला लागल्या होत्या. एक म्हणाली, "आमाला काय कळतंय त्यातलं? मला तर पोरगीच फोन लावून देती." मी त्यांना हाताला धरून आत आणलं. मावशी, फोनमधलं सगळं कळणाऱ्या माणसाकडूनही पोरांना जे मिळत नाही, ते तुमच्याकडून मिळू शकतं. ते काय, तेवढंच मला आज सांगायचं आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली काही वर्षं या तालुक्यात काम करते आहे. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली. दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी ती चूक तुमच्यापुढे ठेवते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली आणि शाळा बंद झाल्या. अभ्यास फोनवर येऊ लागला. ज्या घरात साधा बटणाचा फोन होता तिथं कुणी शेळी विकून, कुणी गटातून कर्ज काढून मोठा फोन घेतला. पोरांनी मागितला म्हणून तो आला नव्हता, शाळेला हवा होता म्हणून आपणच आणला. सायकल आणली तर आपण मागून धरून पळतो, पोराला तोल सांभाळायला शिकवतो. फोन आणला आणि तसाच हातात दिला, कारण आपल्यालाच तो चालवता येत नव्हता.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एका गावात पालकांची सभा होती. मला बोलायला बोलावलं होतं. मी ठासून सांगितलं, "पोरांवर लक्ष ठेवा. काही वावगं दिसलं की आधी फोन काढून घ्या." सगळ्या आयांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, आज चांगलं काम झालं.

चार-पाच महिन्यांनी त्याच गावच्या अंगणवाडीच्या ताईंचा निरोप आला. नववीतली एक मुलगी. फोनवरच्या खेळात तिची एका ‘मैत्रिणी’शी ओळख झाली होती. मैत्रीण म्हणायची, मीही नववीतच आहे, पुण्याला असते. महिनाभर गप्पा झाल्या, शाळेच्या, घरच्या. मग तिनं फोटो मागितला. मुलीनं स्नेहसंमेलनातला, नऊवारी नेसलेला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच चेहरा एका उघड्या शरीराला चिकटवून परत आला. सोबत धमकी होती, आता मी सांगतो तसे फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या सगळ्या नातेवाइकांना जाईल. मैत्रीण वगैरे कुणी नव्हतीच.

त्या पोरीनं अठरा दिवस हे एकटीनं सोसलं. जेवण तुटलं. एकोणिसाव्या दिवशी तिनं आईला सांगितलं. आणि आईनं मी सांगितलं होतं तेच केलं. फोन काढून घेतला. रात्री वडिलांनी तो दगडावर आपटून फोडला. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. पाचव्या दिवशी चुलत्यानं स्थळ आणलं.

लग्न थांबलं. खेड्यात बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक असतो, त्याला कळवलं. अंगणवाडीच्या ताई आणि गटातल्या बायका त्या घरात जाऊन बसल्या. पोलिसांत तक्रारही दिली, पण दाखवायला हातात काही नव्हतं. जो काही पुरावा होता तो त्या फुटलेल्या फोनमध्येच होता. मुलीचं एक वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी ती शाळेत परत आली तेव्हा मला म्हणाली, "ताई, त्यानं फोटो कुणालाच पाठवला नाही. माझी शाळा त्यानं नाही बंद केली. मी घरी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही. त्या मुलीनं योग्य तेच केलं होतं. ती आईकडे आली होती. आणि आईकडे येण्याची शिक्षा तिला झाली. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींनी यातून काय धडा घेतला असेल? हाच, की काही झालं तरी घरी सांगायचं नाही. जो माणूस पलीकडे बसून धमक्या देतो, त्याचा सगळा धंदा याच भरवशावर चालतो, की ही पोर घरी सांगणार नाही. तो भरवसा आपणच त्याला पुरवतो.

त्या आईला मी दोष देत नाही. तिच्या भीतीला कारण आहे, आणि ते या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीला शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयानं तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. सगळा महाराष्ट्र रस्त्यावर आला होता. पण त्याच काळात किती घरांत पोरींचा रस्ता बंद झाला, ते तुम्ही आम्ही पाहिलं आहे. क्लास बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद, आणि जमलं तर दहावीनंतर लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. धोका बाहेर दिसला की आपल्या घरात पहिली कात्री मुलीच्या मोकळेपणाला लागते. आता फोनच्या बाबतीत तेच चाललं आहे.

१८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा लोक काय म्हणत होते? मुलगी लिहायला शिकली तर बिघडेल, घराचं वाटोळं करील. तेव्हाही भीती खरीच वाटत होती लोकांना. त्या भीतीला सावित्रीबाईंनी दिलेलं उत्तर होतं शिकवणं.

आता दुसरं घर सांगते. ही आई ऊसतोडीला जाणारी. सही करते, पण वाचता येत नाही. तिची मुलगी दहावीत, आजीजवळ राहून शिकणारी. तिलाही असाच त्रास सुरू झाला. आई कारखान्यावरून सणाला घरी आली तेव्हा पोरीनं रडत रडत सांगितलं. आई म्हणाली, "आधी दोन घास खा. मग सगळं सांग. तुझी शाळा सुटायची नाही, एवढं ध्यानात ठेव." मग ती पोरीला आणि फोनला, दोघांनाही घेऊन शाळेतल्या बाईंकडे गेली. बाईंनी मला बोलावलं. संदेश तसेच होते, खात्याचं नाव होतं, तारखा होत्या. तक्रार झाली, खातं बंद झालं, पोरगी मार्चमध्ये परीक्षेला बसली.

त्या आईला इंटरनेटमधलं काय कळत होतं? काही नाही. पहिलीच्या घरात तर वडील बारावी शिकलेले होते. फरक पडला तो पहिल्या दहा मिनिटांत काय बोललं गेलं त्यानं. म्हणून मावशी, मी तुम्हाला हाताला धरून आत आणलं.

कुणी म्हणेल, पण तिनं फोटो पाठवलाच कशाला? हा प्रश्न आपल्या तोंडून आपोआप येतो. आज फोटो पाठवायचीही गरज उरलेली नाही. तुम्ही स्टेटसला ठेवलेला लेकीच्या वाढदिवसाचा फोटो कुणीही उचलतो, आणि संगणकाच्या नव्या तंत्रानं त्याचं काहीही करतो. मग काय, मुलींनी चेहरा घेऊन जगायचंच नाही? ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं, की गुन्हा दोघांच्या खाती असताना दोष एकटीच्या माथी का. इथं तर मुलीच्या खाती गुन्हाच नाही.

आणि जो हे करतो तो कुठून येतो? तोही कुणाच्या तरी घरात वाढतो. आपण मुलीच्या फोनवर चौकी बसवतो आणि मुलाला रात्री एकपर्यंत फोन घेऊन पडवीत झोपू देतो. गटातल्या एका बाईनं मला खालच्या आवाजात सांगितलं, "माझ्या पोराच्या फोनमध्ये शेजारच्या पोरीचा फोटो सापडला, दोस्तांमध्ये फिरवत होता." तिला वाटत होतं, पोरगं आहे, वयच तसं आहे. मी विचारलं, तीच तुमची मुलगी असती तर? ती गप्प झाली. मग दोघी मिळून त्या मुलाशी बोललो. कुणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही, ठेवायचा नाही, पुढं पाठवायचा नाही, हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाला हे शिकवणं हासुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे, आणि हे काम एकट्या आईचं नाही. बापानं ते करायला हवं.

‘पालकांची जबाबदारी’ म्हटलं की ती आईच्या पदरात टाकायची, ही आपली जुनी रीत. पोर बिघडलं की "आईचं लक्ष नाही." पण त्याच आईच्या हातात फोन असतो का? त्याच पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या फक्त ३३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के. ज्या बाईला फोन हातात धरू दिला जात नाही, तिनं फोनवर लक्ष ठेवायचं! म्हणून आपली पहिली मागणी ही, की बाईला स्वतःचा फोन हवा, तो शिकायला वेळ हवा. ती शिकली तर पोरांना शिकवील. आणि तोवर पोरीकडून शिकायला लाजायचं कारण नाही. पोरगी शिकवते तेव्हा ती आपल्याशी बोलते. तेच तर आपल्याला हवं आहे.

गावंही यात उतरली आहेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. हे ठरवण्याआधी गावातल्या महिलांची सभा घेतली होती, आणि मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं अठराच्या आतल्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. पण मला वडगावची वाट जवळची वाटते, कारण तिथं भोंगा बापासाठीही वाजतो. बंदी फक्त मुलांवर घातली, की मूल लपून वापरतं, आणि लपून वापरणाऱ्या मुलाला काही झालं तर ते सांगणार कुणाला? ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवू न देण्याची सक्ती कंपन्यांवर केली आहे. कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्याकडे एक फोन सगळं घर वापरतं, खातं बापाच्या नावावर आणि फोन पोराच्या हातात. कायदा झाला तरी घरातलं बोलणं कोण करणार?

शिकायची गरज मोठ्यांनाही आहे, हे रायनपाड्यानं दाखवलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या या गावात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले लोक होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश फोनवर फिरत होते. ते पुढं पाठवणारी शाळकरी मुलं नव्हती, आपल्यासारखी काळजीवाहू माणसं होती. मुलांच्या काळजीपोटीच पाच माणसं मेली. आपल्या भागात भटके समाज पिढ्यान्‌पिढ्या पालं टाकत आले आहेत. त्यांचीही मुलं आहेत. पोरांना ‘आधी खात्री कर’ म्हणायचं असेल तर आपलं बोट आधी आवरायला हवं.

आता हाताशी ठेवायच्या गोष्टी सांगते. घरी जाऊन पोरांसमोर बोला, दरडावून नको, भाकरी करता करता बोला.

फोनवर भेटलेला माणूस स्वतःला जो म्हणवतो तो असेलच असं नाही. त्याला घर, शाळा, येण्या-जाण्याची वेळ सांगायची नाही, एकटं भेटायला जायचं नाही. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवायचं. ते कसं करायचं हे पोरांना येतं, तुम्ही फक्त "मला करून दाखव" म्हणा. आणि शेवटी हे वाक्य म्हणा, "काही चुकलं, कुणी धमकावलं, तर मला सांग. तुझी शाळा सुटणार नाही." एकदा म्हणून भागत नाही. पोरं आपली परीक्षा घेतात, आधी एखादी लहान गोष्ट सांगून बघतात. त्या लहान गोष्टीला आपण खेकसलो, तर मोठी गोष्ट आपल्यापर्यंत येत नाही.

धमकी आलीच तर घाबरून पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत. संदेश पुसायचे नाहीत, फोन फोडायचा नाही. स्क्रीनचे फोटो काढून ठेवायचे, तारीख, खात्याचं नाव लिहून ठेवायचं. मगच ते खातं अडवायचं. मात्र मुलीचा उघडा फोटो असेल, तर तो "बघा काय केलंय" म्हणून मामाला, काकाला, सरपंचाला पाठवायचा नाही. तो पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. फोन आहे तसा तक्रारीच्या जागी न्यायचा.

मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं तो सुरू झाला, आता सरकार चालवतं. पैशांची फसवणूक झाली तर १९३० ला लगेच फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बाई-मुलांबद्दलची तक्रार नाव न देताही करता येते. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवा आहे. तीत फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. बोटाच्या ठशासारखा त्याचा एक आकडा तयार होतो, आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात.

कायदाही माहीत असू द्या. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक मूल येतं, मुलगाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बनवलेलं, जोडलेलं चित्रही त्यात धरलं जातं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमात असं चित्र पसरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, तोही गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. तिचं नाव छापता येत नाही. हे सगळं मागून घ्यायचं असतं, म्हणून सांगते.

त्या पहिल्या मुलीची आई आज इथं बसली आहे. तिला विचारूनच मी हे सगळं बोलले. ती म्हणाली, "सांगा ताई. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, पोरगी आल्यावर काय बोलायचं ते." आता तिच्या गटात महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास पोरी येतात आणि आयांना फोन शिकवतात. मागच्या वेळी सासवाही आल्या होत्या. या महिन्यात बापांना बोलवायचं ठरलंय. किती येतील माहीत नाही.

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला असा अर्धा तास काढा. पहिल्या दिवशी पोरींना एकच प्रश्न विचारा, "काही झालं तर तू घरी सांगशील का?" उत्तर ‘नाही’ आलं तर रागवू नका. का नाही, ते ऐकून घ्या, आणि काय ऐकलंत ते मला कळवा.